सोनेरीतली गोडी

दुधाचा टँकर आला की धाकटी पुढे व्हायची. झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, लांब दांड्याच्या पळीने घोटभर दूध काढून तोंडात फिरवायचं आणि बाजूच्या बादलीत थुंकायचं. मग ती मान हलवायची. मान उभी हलली तर टँकर आत जायचा, आडवी हलली तर आल्या वाटेने परत. डेअरीत यंत्रं होती, काचेच्या नळ्या होत्या, पांढरे कोट घातलेली दोन शिकलेली माणसं होती. पण त्यांचा आकडा यायला पाऊण तास लागायचा आणि धाकटीला पाऊण मिनिट. टँकरचे चालक तिला वचकून असत. एकाने एकदा विचारलं होतं, "बाई, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं हो? त्या माणसाचं काही खरं नाही."

"मीच करते," धाकटी म्हणाली, "आणि मीच नावं ठेवते. म्हणून तर दुसरं कुणी टिकलं नाही."

त्या दिवशी तिसरा टँकर आत सोडून तिने मागे पाहिलं, तर फाटकाशी ताई उभी. दोघी बहिणी एकाच गावात राहत होत्या, पण अकरा वर्षांत तीनदा भेटल्या होत्या आणि त्यातल्या दोन वेळा कुणीतरी मेलं होतं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं. तुझ्याशी बोलायचंय."

धाकटीने हात पुसले. बसायला सांगितलं नाही, तिथे बसायला काही नव्हतंही. ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ह्यांना वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच. आठ महिने झाले. सर्दीचं निमित्त झालं आणि वास गेला तो गेलाच. पाठोपाठ चवही गेली. परवा मी मुद्दाम चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर 'छान झालाय' म्हणून पिऊन टाकला. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुला."

धाकटी हसली. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, मग तिला खांबाचा आधार घ्यावा लागला. दोन चालक बघायला लागले. ताई मान खाली घालून हसणं थांबायची वाट बघत राहिली. धाकटी का हसते आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं.

त्याचं असं होतं. अकरा वर्षांपूर्वी धाकटी आणि ताईचा नवरा, म्हणजे तिचे भाऊजी, एकाच मोठ्या बिअर कारखान्यात होते. भाऊजी उत्पादनाचे मुख्य, धाकटी चव तपासणाऱ्यांची मुख्य. सगळा कारखाना तिला 'जीभ' म्हणायचा. "जिभेने पास केली का?" एवढं विचारल्याशिवाय एक टाकी बाहेर जात नसे. एका उन्हाळ्यात मागणी वाढली, भाऊजींना घाई झाली. सात नंबरच्या टाकीतली बिअर धाकटीने चाखली आणि चिठ्ठी लिहून दिली: आंबणं पूर्ण झालेलं नाही, गोडी शिल्लक आहे, बाटलीत भरू नये. भाऊजींनी चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली आणि टाकी भरायला सोडली. यीस्टला साखर मिळाली की ते बसून राहत नाही, ती खाऊन वायू सोडत राहतं, बाटलीत असलं म्हणून काय झालं. महिन्याभरात दुकानांच्या फळ्यांवर बाटल्या फुटायला लागल्या. एका दुकानदाराच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली.

चौकशी बसली. धाकटी म्हणाली, मी चिठ्ठी दिली होती. चिठ्ठी सापडेना. मग भाऊजी उठले आणि खालच्या आवाजात म्हणाले, की वसंतात हिला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून हिला वासच येत नाही. घरातलंच माणूस आहे म्हणून मी इतके दिवस झाकून ठेवलं, चूक माझी आहे. एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. समितीवरचे मोठे साहेब हेलावून गेले. भाऊजींना ताकीद मिळाली, धाकटीला घरी पाठवलं. गायकाचा गळा गेला म्हटलं की त्याला गाऊन दाखवता तरी येतं. चव घेणाऱ्याची जीभ गेली म्हटलं की दाखवायचं काय? तिने चार कारखान्यांत अर्ज केले. चारही ठिकाणी तिच्या आधी ती बातमी पोचली होती. शेवटी डेअरीने घेतलं, कारण दूध नासलंय की नाही हे ओळखायला फार मोठं नाव लागत नाही.

आता तेच भाऊजी निवृत्त होऊन स्वतःची छोटी ब्रुअरी काढून बसले होते, आणि त्यांनीच रचलेलं खोटं त्यांच्याच नाकावर येऊन बसलं होतं.

"पहिलीच मोठी बिअर आहे त्यांची," ताई म्हणाली. "बेल्जियन पद्धतीची सोनेरी एल, कडक जातीची बिअर. सगळं त्यावर अवलंबून आहे. बाटल्यांत भरायची की नाही, त्यांना ठरवता येत नाही. बाहेरच्याला विचारलं तर दुसऱ्या दिवशी गावभर होईल. तू एकदा चाखून सांग. मी पदर पसरते तुझ्यापुढे."

"पाठवलं त्यांनी तुला?"

"पाठवलं."

"येते," धाकटी म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीच्या मनात काय होतं ते तिला दिसलं असतं तर ते पाणी जागीच सुकलं असतं.

ब्रुअरी एका जुन्या सुतारकामाच्या शेडमध्ये होती. जमिनीवर अजून खिळ्यांच्या खुणा होत्या. पत्र्याखाली चार चकचकीत टाक्या उभ्या होत्या, मागच्या बाजूला जाड भिंतींची एक खोली, आणि सगळीकडे भिजलेल्या धान्याचा गोडसर वास. भाऊजी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून उभे होते. केस पिकले होते, पाठ मात्र ताठ.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "अशा वेळी घरातलंच माणूस लागतं."

माफी नाही, विचारपूस नाही. आणि वर तेच दोन शब्द. धाकटीने पर्स खुंटीला लावली. "ग्लास धुतलेला आहे ना?" एवढंच विचारलं.

भाऊजींनी टाकीचा छोटा नळ सोडला. फुगीर पोटाच्या, अरुंद तोंडाच्या ग्लासात बिअर उतरली. वाळल्या गवताचा रंग, त्यावर पांढरा, दाट फेस. धाकटीने ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. अकरा वर्षं नुसत्या दुधाच्या संगतीत काढलेलं नाक ते, उपाशी होतं. पिकलेली नाशपाती आली. मग संत्र्याची साल, मग मिरीची बारीक चुणचुण, मागे कुठेतरी लवंग. तिने घोट घेतला. बिअर साडेआठ टक्क्यांची होती, म्हणजे साध्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट कडक, पण घशाला पत्ता लागू देत नव्हती. पाहुण्यासारखी गोड बोलत आत येणारी आणि बघता बघता घर ताब्यात घेणारी. बनवणारा माणूस नीच असला तरी कारागीर होता. हे मान्य करताना धाकटीच्या जिवावर आलं.

आणि मग शेवट आला. अशी एल शेवटी कोरडी व्हायला हवी. घोट गिळला की दार लागल्यासारखं सगळं थांबायला हवं. इथे दार फटीएवढं उघडं राहिलं होतं. जिभेच्या मागच्या बाजूला एक बारीक गोडी रेंगाळत होती. धान्याची भरीव गोडी नव्हे, नुसती साखर, यीस्टने खायची राहिलेली. म्हणजे यीस्टचं काम संपलं नव्हतं. कडक बिअरमध्ये होतं असं: गारवा लागला की दमलेलं यीस्ट झोपी जातं, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, काम आटोपलं.

"काटा चार दिवस सोळावर आहे," भाऊजी सांगत होते. काटा म्हणजे काचेची तरंगती नळी. साखर जितकी कमी, तितकी ती खोल बुडते. "मला वाटलं होतं आणखी उतरेल, पण हलत नाही. म्हणजे संपलंच ना? काय म्हणते जीभ?"

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पोरं मास्तरकडे बघतात तसं. त्या नजरेने तिला आतून गुदगुल्या झाल्या.

"भरल्यावर कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

"बाटलीत थोडी साखर, थोडं ताजं यीस्ट घालून त्या मागच्या खोलीत. चौदा दिवस ऊब द्यायची, फेस धरेपर्यंत. कुलूप लावून. आत कुणी जायचं नाही. पंधराव्या दिवशी पाहुणे बोलावलेत. मोठे साहेबसुद्धा येणार आहेत. आता त्यांच्या ओळखीची दुकानं आहेत सगळीकडे."

धाकटीने मनाशी हिशेब मांडला. त्या उबेत झोपलेलं यीस्ट खडबडून जागं होणार. उरलेली साखर, वर घातलेली साखर, सगळी फस्त करणार. आठव्या-नवव्या दिवसापासून बाटल्या फुटणार, बंद खोलीत, कुलपाआड. काचा फुटतील, माणसं नाही. आणि पंधराव्या दिवशी मोठ्या साहेबांपुढे भाऊजी कुलूप उघडतील. करावं तसं भरावं म्हणतात. भाऊजींनी करून ठेवलं होतं, आता भरू देत.

"भरा," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझ्या जिभेवर विश्वास नाही का, भाऊजी?"

भाऊजींनी नजर खाली वळवली. ताईने तिचा हात हातात घेऊन दाबला. धाकटीने तो हळूच सोडवून घेतला आणि पर्स उचलली.

पुढचे पाच दिवस तिचे फार छान गेले. अकरा वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. टँकरपुढे उभी राहून ती गुणगुणायला लागली, तेव्हा चालक एकमेकांकडे बघायला लागले. जेवताना, केस विंचरताना, बसची वाट बघताना ती एकच चित्र डोळ्यांपुढे आणायची: भाऊजी किल्ली फिरवतायत, दार उघडतंय, आत काचांचा खच आणि जमिनीवर सोनेरी तळं, आणि मागे उभे असलेले मोठे साहेब म्हणतायत, "हे काय?" कधी साहेबांच्या जागी पूर्ण समिती असायची. कधी भाऊजी गुडघ्यांवर बसायचे. त्या दुकानदाराची वाकडी बोटंही अधूनमधून त्या चित्रात यायची, पण ती त्यांना बाजूला सारायची. तिथे उघडं दुकान होतं, इथे बंद खोली आहे, असं ती स्वतःला समजावायची. आणि पुन्हा पहिल्यापासून चित्र बघायला घ्यायची.

सहाव्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आवाज अगदी खुशीत.

"अगं, लेबलं आली बघ. काय सुरेख दिसतात. ह्यांची पाठ धरलीय म्हणून मीच चिकटवत बसलेय. पाहुणे यायच्या आत सगळ्या बाटल्यांना लागली पाहिजेत."

"कुठे बसलीयस?"

"मागच्या खोलीत, बाटल्यांपाशीच. एवढ्या बाहेर कोण काढणार? आणि आत काय मस्त ऊब आहे. माझे गुडघे दुखायचे राहिले. काल एक बाटली फुटली तेवढी, कोपऱ्यातली. हे म्हणाले, बाटलीतच दोष असणार."

धाकटीच्या हातातली पळी बादलीत पडली.

"ताई, बाहेर ये."

"काय गं?"

"आत्ता. फोन हातात धर आणि बाहेर ये. दार लावून घे."

"येते की, एवढं खोकं संपवते."

"तुला माझी शपथ आहे, ताई. ऊठ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं आली, मग जाड दार लागल्याचा आवाज. धाकटीने श्वास सोडला. फाटकात दोन टँकर उभे होते. ते तसेच सोडून, अंगावरचा अॅप्रनही न काढता ती रस्त्यावर आली आणि टॅक्सीत बसली.

ती पोचली तेव्हा नवराबायको शेडच्या दारात उभी होती. धाकटीने प्रस्तावना केली नाही.

"सगळ्या बाटल्या रिकाम्या कराव्या लागतील. यीस्ट झोपलं होतं, आता जागं झालंय. कालची बाटली दोषाची नव्हती. उद्यापासून एकामागून एक जातील."

भाऊजींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "त्या दिवशी 'भरा' म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

"मग आज खरं बोलतेयस कशावरून?"

भाऊजी पुढे आले.

"अकरा वर्षं डूख धरून बसलीस. आता माझी चांगली बिअर मलाच गटारात ओतायला लावतेस. मला चव कळत नाही म्हणून कुणीही यावं आणि काहीही सांगावं? किल्ली देणार नाही मी."

"थांबा हो," ताई म्हणाली. ती धाकटीकडे वळली. "त्या दिवशी ग्लास हातात होता, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"मी शेजारी उभी होते. तुझा हात धरला होता मी."

"खोलीला कुलूप असणार होतं, ताई. कुणी आत जाणार नव्हतं."

"मी तिथे दोन दिवस बसलेय," ताई म्हणाली. तिने एक रिकामं क्रेट पालथं घातलं, त्यावर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," धाकटी भाऊजींना म्हणाली. "काट्यावर ठेवा. एक बाटली उघडा आणि काटा घाला. सोळाच्या सोळावर असेल तर मी खोटारडी. किल्ली द्या, बाटली मी आणते."

शेडमध्ये वेल्डिंगचा जुना मुखवटा होता. तो तिने तोंडावर चढवला, चामड्याचे हातमोजे घातले, ताईचा जाड कोट अंगावर घेतला आणि एकटी आत गेली. खोलीत गरम होतं. क्रेटच्या थप्प्या छातीपर्यंत होत्या आणि अर्ध्या बाटल्यांवर ताईने सरळ रेषेत लावलेली लेबलं. मधल्या थप्पीपाशी ताईची खुर्ची होती, खुर्चीवर उशी, उशीवर चष्मा. धाकटीने एक बाटली उचलली, चष्माही उचलला आणि बाहेर आली.

दोन तास बाटली बर्फात ठेवली. तरीही बूच सैल करताच फेस पत्र्यापर्यंत उडाला. खाली जी उरली तिचा फेस भाऊजींनी घुसळून घुसळून बसवला, ती उंच नळकांड्यात ओतली आणि काटा सोडला. स्वतःचा चष्मा लावून वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा.

"अकरा," ते म्हणाले.

तेवढ्यात मागच्या खोलीत फाट् असा आवाज झाला, आणि पाठोपाठ आणखी एक. भाऊजींनी हीटरचं बटण बंद केलं आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला.

खोली थंड व्हायला दीड दिवस दिला. मग जाड कपडे आणि मुखवटे घालून तिघांनी एकेक बाटली उघडून नाल्यात ओतली. ताईने त्या दोन दिवसांत धाकटीशी 'सरक' आणि 'हे धर' ह्यापलीकडे एक अक्षर काढलं नाही. सगळं आवार नाशपातीच्या वासाने भरून गेलं. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकून वास घेत होती.

"कशाचा वास येतोय?" भाऊजींनी विचारलं.

धाकटीने सांगितलं. एकेक वास मोजून, हळूहळू सांगितलं: नाशपाती, संत्र्याची साल, मिरी, लवंग. भाऊजी नाक वर करून हवा ओढत राहिले. त्यांना काही मिळालं नाही. धाकटी बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. ताईपुढे मान वर होत नव्हती, तरीही बरं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

पाहुण्यांचं बोलावणं रद्द करता आलं नाही. पंधराव्या दिवशी संध्याकाळी वीसपंचवीस माणसं शेडमध्ये जमली. टेबलावर पांढरे कपडे, रिकामे ग्लास, आणि ओतायला दुसऱ्या टाकीतली साधी हलकी बिअर. भाऊजी सूट घालून उभे राहिले, आणि सगळ्यांपुढे त्यांनी पुन्हा तेच केलं. "बाटल्यांचा एक लॉट सदोष निघाला," ते हसून म्हणाले, "नाइलाज झाला. सोनेरी पुढच्या वेळी." लोकांनी हळहळ व्यक्त केली. धाकटी मागच्या रांगेत उभी होती. काय बोलायचं ते तिने अकरा वर्षं पाठ केलं होतं.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचं तिच्याकडे लक्ष गेलं. ते आता काठी टेकत चालत होते. त्यांनी आपुलकीनेच विचारलं, पण कान जड झाल्यामुळे आवाज मोठा होता. "अरे, तुम्ही इथे? कशी आहे तब्येत? वास आला का परत?"

सगळ्यांनी माना वळवल्या.

"गेलाच नव्हता, साहेब," धाकटी म्हणाली.

साहेबांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी टेबलावरचा ग्लास पुसू लागले. धाकटीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी ताई बोलली. ती पाहुण्यांना बिअर देत होती. हातात ट्रे तसाच होता.

"तिने चिठ्ठी दिली होती, साहेब. सात नंबरच्या टाकीची. भरू नये असं लिहिलेलं. ह्यांचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा मला खिशात सापडली. मी वाचली, ह्यांच्या हातात दिली आणि अकरा वर्षं गप्प बसले." तिने ट्रे खाली ठेवला. "आणि बाटल्यांत काही दोष नव्हता. बिअरच झाली नव्हती. ह्यांना वास येत नाही आता, चवही कळत नाही. म्हणून हिला विचारलं. हिला कळलं होतं, तरी हिने 'भरा' म्हणून सांगितलं. सूड म्हणून. तेव्हा ह्यांनी खोटं सांगितलं, आता हिने. घरातलीच माणसं आमची. तुम्हा लोकांना नीट माहीत असावं."

मोठे साहेब काठीवर दोन्ही हात टेकून वळले. "चिठ्ठी होती?" त्यांनी भाऊजींना विचारलं.

"होती," भाऊजी म्हणाले.

एवढंच. अकरा वर्षं धाकटीने ज्याची वाट पाहिली ते दोन अक्षरांत आटोपलं. भाऊजी गुडघ्यांवर बसले नाहीत. त्यांची ताठ पाठ मात्र वाकली, आणि नंतर पुन्हा कधी पूर्वीसारखी सरळ झालेली कुणी पाहिली नाही. धाकटीला ते बघून समाधान झालं. आणि त्याच लोकांच्या नजरा तिच्यावरूनही फिरत होत्या, ह्यामुळे ते समाधान तिला गिळता येत नव्हतं.

महिन्याभरात जुन्या कारखान्याकडून पत्र आलं: चौकशीतला निष्कर्ष चुकीचा होता, नोंद दुरुस्त केली आहे. बिअरच्या धंद्यातल्या दोन ठिकाणांहून विचारणाही आली. त्यातल्या एकाने मात्र सरळ विचारलं, "बाई, उद्या आमच्यावर रागावलात तर?" धाकटी डेअरीतच राहिली. ताई दोघांशीही अबोला धरून होती. नवऱ्याशी बोलली ती घरातला गॅस संपला म्हणून. धाकटीशी बोलायला तिला दोन महिने लागले.

टाकीत अर्धी सोनेरी अजून भरायची राहिली होती. ऊब वाढवा, ताजं यीस्ट घाला आणि हात लावू नका, एवढं धाकटी सांगून आली होती. दोन महिन्यांनी एका सकाळी भाऊजी स्वतः डेअरीच्या फाटकात येऊन उभे राहिले. चालकांच्या घोळक्यात, हातात टोपी घेऊन. धाकटीने त्यांना पाहिलं. चार टँकर रांगेत होते. तिने चारही तपासले, पळी धुतली, हात पुसले, मग त्यांच्याकडे वळली.

"काटा सातवर आलाय," भाऊजी म्हणाले. "पण मला काटा पुरेसा वाटत नाही."

शेडमध्ये ताईने तीन ग्लास मांडले होते. भाऊजींनी नळ सोडला. धाकटीने घोट घेतला. नाशपाती होती, संत्रं होतं, मिरीची चुणचुण होती, आणि घोट गिळताच सगळं कोरडं, स्वच्छ थांबलं. गोडीचा मागमूस नाही. तिच्या आयुष्यात चाखलेल्या सगळ्यांत चांगल्या चार-पाच बिअरपैकी ती एक होती.

"काय म्हणते?" भाऊजींनी विचारलं.

धाकटीने ग्लास उजेडाकडे धरला. फेसाकडे पाहिलं. दुसरा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत तोंडात फिरवत राहिली. भाऊजींचा श्वास ऐकू येत होता. ते एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते.

"सांग की गं," ताई म्हणाली. दोन महिन्यांतलं तिचं हे पहिलं वाक्य. "छळतेस कशाला त्यांना?"

"बघू दे नीट," धाकटी म्हणाली.

तेव्हापासून त्या ब्रुअरीची एकही टाकी तिला विचारल्याशिवाय भरली गेली नाही. तिने पुन्हा कधी खोटं सांगितलं नाही. मात्र तिला पहिल्याच घोटात कळतं, आणि सांगते ती तिसऱ्या घोटानंतर.